खडूनं वाचलेला टर्बो

मन्मथअप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या क्लासमध्ये फळ्यापुढे उभा होतो. त्यांची मुलगी संगीता एवढंच म्हणाली, "सर, अप्पा गेले." हातातला खडू मी नकळत खिशात टाकला... ही सवय अप्पांमुळेच लागलेली.

भूकंपात त्यांचं गावचं घर, गॅरेज सगळं पडलं. ढिगाऱ्यातून 'मन्मथ गॅरेज' हा पत्र्याचा बोर्ड तेवढा शाबूत निघाला. तो काखेत मारून अप्पा लातूरला आले, शेड टाकली आणि ट्रॅक्टर-ट्रकची कामं करू लागले. तेव्हा गल्लोगल्ली क्लास उगवत होते. आमच्या संचालकांनी तर गुणवंतांच्या मिरवणुकीसाठी जुनी लाल स्पोर्ट्स कार घेतली. विद्येला एवढा वेग आधी कुणी दिला नव्हता. मिरवणुकीनंतर मात्र गाडी चढाला धापा टाकू लागली. पुण्याहून आलेल्या तज्ज्ञानं टर्बोचा दांडा हलवून पाहिला, "टर्बो गेला" म्हणून सांगितलं आणि गाडीच्या पुस्तकातून नव्या टर्बोचा नंबर लिहून दिला. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरून इंजिनातच जादा हवा कोंबणारा पंखा. ट्रकांवरचे असे पंखे अप्पांनी बरेच उघडले होते, म्हणून मी त्यांनाच संचालकांपुढे नेऊन उभं केलं.

"ट्रॅक्टरवाला?" संचालक हसले.

अप्पांनी ते ऐकलं. "चुकलो तर बोर्ड उतरवून तुमच्या दारात आणून ठेवतो," म्हणाले. मी त्यांना बाजूला घेतलं. "अप्पा, बोर्ड कशाला मधे आणला?"

"भूकंपातून निघालाय त्यो, सर. तुमच्या साहेबाला काय भ्यायचं?"

रॉकेलनं त्यांनी टर्बोवरचा मळ पुसला, तरी त्याच्या पट्टीवर कोरलेले नंबराचे आकडे दिसेनात. "सर, खडू हाय का?" त्या दिवशी चुकून एक तुकडा खिशात राहिला होता. खडू आडवा घासला, वरची भुकटी पुसली आणि खाचांतले आकडे पांढरेशुभ्र उठले. नंबर पुस्तकातला नव्हताच. "ह्यो कुणीतरी मागंच बदललाय. तुम्ही लिहून घेतलेला हितं बसणारच न्हाई."

मग हवेचा पाइप काढून त्यांनी दांडा बोटानं फिरवला, आडवा हलवला, पुढं-मागं ओढला. "आडवा जरासा हलणारच. चालू झाला की तेलावर तरंगतो. पुढं-मागं हलाया नको, पाती घासाया नको." दांडा पुढं-मागं हलत नव्हता, पंख्याची पातीही कुठं घासलेली नव्हती. तरी गाडीला दम का नाही? पाइपाच्या मागावर जात अप्पा हवेच्या फिल्टरच्या डब्याशी पोचले. झाकण उघडलं तर आत गुलाल गच्च बसलेला.

"टर्बो ठणठणीत हाय, साहेब. मिरवणूक बसलीया नरड्यात."

नवा फिल्टर घालून आम्ही तिघं नांदेड रोडला लागलो. चाकूरच्या अलीकडच्या चढावर टर्बोची बारीक शीळ सुरू झाली, पाठी सीटला चिकटल्या आणि गाडी चढ असा पिऊन गेली की संचालकांनी गाडी वळवून तोच चढ पुन्हा घेतला. क्लासच्या इतिहासात त्यांनी स्वतः केलेली ही पहिलीच उजळणी.

"उतरवू का बोर्ड?" अप्पांनी विचारलं.

"राहू द्या... अप्पा."

तोवर संचालक त्यांना 'ए मिस्त्री' म्हणत होते.

परवा गॅरेजवर गेलो. बोर्ड जागेवर आहे. संगीता एका गाडीच्या बॉनेटखाली वाकलेली. माझी चाहूल लागताच तिनं मान वर न करता काळवंडलेला हात मागं केला.

"सर, खडू हाय का?"

होता.