खाडाखोडीवरच्या सह्या

नव्या तहसीलदारसाहेबांनी मला इंग्रजीत विचारलेला पहिला प्रश्न असा होता, ‘हॅव यू सेंट द वडीगोद्री पेपर्स?’ आणि मी छाती पुढे काढून उत्तर दिलं होतं, ‘आय हॅव, सर.’

उत्तर देताना ते कागद माझ्या काखेत होते. वडीगोद्रीच्या लोकांचा गावविहिरीबद्दलचा अर्ज, त्यावरची चौकशी, पंचनामा, सगळं एका दोरीत बांधलेलं. मला इंग्रजीचे जे दहा-बारा शब्द येत होते त्यांत ‘हॅव’ म्हणजे जवळ असणे, हा अगदी पक्का होता. साहेब विचारतात, कागद तुझ्यापाशी आहेत का? आहेत की! मधल्या ‘सेंट’चं काय करायचं ते कळेना, म्हणून मी त्याला वगळलं. साहेबांनी मान हलवली आणि कागद रवाना झाल्याचं वर कळवून टाकलं. आठ-दहा दिवसांनी वरून विचारणा आली, कागद कुठे आहेत? साहेबांनी मला बोलावून तोच प्रश्न केला, या वेळी जरा आवाज चढवून. मी धावत टेबलाकडे गेलो, गठ्ठा आणला, त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणालो, ‘आय हॅव, सर!’

साहेब मद्रासकडचे. त्यांना मराठी येत नव्हती, उर्दू येत नव्हती, आणि मला या दोन सोडून काही येत नव्हतं. त्यांनी गठ्ठा स्वतःच उचलला आणि शिपायाच्या हातात दिला. रागावले असते तर बरं झालं असतं.

घरात ही गोष्ट मी कितीदा तरी सांगितली आहे. मुलं ‘आय हॅव, सर’पर्यंत ऐकतात, पोट धरून हसतात आणि उठून जातात. पुढचं आजवर कुणी ऐकलेलं नाही, म्हणून ते लिहून ठेवतो आहे.

मी तेव्हा अंबडच्या कचेरीत अहलकार होतो. अहलकार म्हणजे कारकूनच, पण निजामाच्या राज्यात त्या शब्दाला जरा कडक इस्त्री असे. माझं सगळं शिक्षण उर्दूत. हिशेब उर्दूत, पंचनामे उर्दूत, सासऱ्यांना केदारखेड्याला खुशालीचं पत्र धाडायचं तरी हात आधी उजवीकडून सुरू व्हायचा. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि वर्ष-दोन वर्षांत कचेरीवरची पाटी बदलली. आजूर, दै, बहमन हे आमचे महिने गेले आणि जानेवारी आला. त्याच्याही मागून एक हुकूम आला: जुन्या अहलकारांनी इंग्रजीची परीक्षा द्यायची. तीनदा बसता येईल. तिसऱ्यांदा नापास झालेल्याला खालच्या जागेवर जावं लागेल, आणि तिथून वर यायची वाट बंद.

तेव्हा माझं वय अडतीस. डोक्यावरचे केस निम्मे गेलेले.

आमच्या कचेरीत या हुकमाखाली दोघे येत होतो. मी आणि नक्कलनवीस. नक्कलनवीस म्हणजे कागदांच्या नकला करून देणारे. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, नमाजी, आणि अक्षर असं की त्यांनी केलेली नक्कल अस्सल वाटायची आणि अस्सल कागद त्यापुढे नक्कल. आम्ही दोघं दर रविवारी सकाळी शाळेतल्या इंग्रजीच्या मास्तरांकडे जाऊ लागलो. मास्तर नगरकडून आलेले, आमच्याहून लहान. ते बाजेवर बसत, आम्ही खाली सतरंजीवर, पाट्या मांडीवर. येणारे-जाणारे दारातून डोकावून जायचे. कुणी कुणी नमस्कारही करायचे, म्हणजे आणखी लाज.

मास्तरांनी ए-बी-सी-डी पार पाडली, होतं-आहे-होईल पार पाडलं, आणि मग त्या ‘हॅव’पाशी आले.

‘‘हे बघा,’’ मास्तर म्हणाले, ‘‘काम मागेच होऊन गेलं, पण त्याचं काहीतरी आज शिल्लक आहे. तेव्हा हॅव लावायचं. फक्त एक करायचं, कधी झालं ते सांगायचं नाही. तारीख आली की हॅव गेलं.’’

नक्कलनवीसांनी पाटी खाली ठेवली. ‘‘तारीख डालना नको?’’

‘‘नको.’’

‘‘मास्टरसाब, बीस साल से नौकरी कर रहा हूँ. बगैर तारीख का कागज मैं हात में नै लिया. काम हुआ बोलना, और कब हुआ पूछे तो चुप बैठना? ये तो गवाह फोडने का तरीका है.’’

मास्तर हसले. मी हसलो नाही, कारण माझंही तेच म्हणणं होतं. आमच्या कचेरीत आधी तारीख लिहायची, मग काय झालं ते. पाऊस पडला, माणूस मेला, बैल हरवला, सगळं तारखेच्या खुंटीला टांगलेलं. ती खुंटी काढून घेतली की आम्ही दोघंही अधांतरी.

तरी मी हट्टाने पाठांतर सुरू केलं. सकाळी आंघोळ करताना ‘गो, वेंट, गॉन’, बंबात ढलप्या टाकताना ‘ईट, एट, ईटन’. शेजारच्या काकूंनी आठवडाभर ऐकलं आणि एके दिवशी आमच्या हिला गाठलं.

‘‘बाई, मालक कोणतं वरत धरून राह्यले?’’

‘‘सरकारी हाय,’’ ही म्हणाली. ‘‘उद्यापन साहेबाच्या हातून हाय म्हणं.’’

मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली. हिचं सगळं बोलणं असंच, माझ्याकडे पाठ करून आणि मला ऐकू जाईल असं.

पहिल्या परीक्षेत मी निम्मा कागद कोरा दिला. नापास. दुसऱ्या वेळी कोरा ठेवला नाही, भरून दिला, आणि सगळीकडे झालं-गेलं-आलं असं साधं सरळ लिहून टाकलं. मनात एकही शंका नव्हती. नापास. नक्कलनवीसही दोन्ही वेळा माझ्याबरोबर नापास झाले, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला फार आधार होता.

साहेबांनी एकदा मुद्दाम बोलावून सांगितलं, शेजारच्या टेबलावरच्या नव्या, इंग्रजी शिकलेल्या कारकुनाने मराठीत समजावलं, की ही आता शेवटची संधी आहे. साहेब सभ्य माणूस होते. माझं काम चोख आहे हे त्यांनाही दिसत होतं. पण नुसतं दिसून काय उपयोग, माझा अर्ज असल्याशिवाय त्यांना ते वर लिहून कळवता येत नव्हतं, आणि मला तो अर्ज इंग्रजीत करता येत नव्हता.

तिसऱ्या खेपेच्या आधी मास्तरांनी मला एक युक्ती दिली. म्हणाले, ‘‘तुमच्या हातातून आधी चुकीचंच येणार. येऊ द्या. पूर्ण लिहून काढा. मग शांतपणे पहिल्यापासून वाचा, आणि जिथं तारीख नाही, तिथं थांबून स्वतःला विचारा, याचं आज काही उरलंय का? उरलं असेल तर खोडा आणि वर हॅव घाला.’’

सहा महिने मी हेच केलं. लिहायचं, वाचायचं, खोडायचं. आणि एका रविवारी, काय झालं कोण जाणे, ती गोष्ट मला कळली. मास्तरांनी न सांगता मी चार वाक्यं अचूक दुरुस्त केली. मास्तर बाजेवरून उतरून सतरंजीवर आले आणि पाटी हातात घेऊन दोनदा वाचली. ‘‘राव, तुम्ही पास,’’ म्हणाले. त्या दिवशी घरी जाताना मी पेढे घेतले. कशाचे पेढे म्हणून हिने विचारलं तर मला सांगता येईना. व्याकरण कळल्याचे पेढे कुणी वाटत नाही.

परीक्षा औरंगाबादेला होती. प्रश्नपत्रिकेत एक मोठा उतारा होता इंग्रजी करायला, नव्या शाळेबद्दलचा. गावाने शाळा बांधली आहे, मास्तर आले आहेत, पुस्तकं अजून आलेली नाहीत, असा. मला तो वाचूनच हसू आलं. जणू माझ्यासाठीच काढलेला. मी भराभर लिहिलं, ठरल्याप्रमाणे आधी चुकीचं. मग वेळ हातात ठेवून परत पहिल्यापासून वाचायला बसलो. शाळा बांधली, उरली आहे का? उभीच आहे. खोडलं, हॅव घातलं. मास्तर आले, आहेत का? आहेत. खोडलं. अशा सात चुका माझ्या मीच पकडल्या. आयुष्यात कुठल्याच परीक्षेत मला असा आनंद झालेला नाही.

आता कचेरीतली एक रीत सांगितली पाहिजे. आमच्याकडे कागदावर खाडाखोड केली की तिच्या बाजूला सही करायचीच. सहीशिवायची खाडाखोड म्हणजे लबाडी. ॲक्शननंतर जुन्या दफ्तरांची चौकशी लागली होती, तेव्हा तर एका शब्दाशेजारी सही नाही म्हणून एक भला माणूस घरी बसला होता. खोडलं की सही, हे आमच्या हाताला इतकं लागलेलं, की किराण्याच्या यादीत गूळ खोडला तरी मी सही करायचो आणि वाणी हसायचा.

परतीच्या मोटारीत मी नक्कलनवीसांना सगळं सांगत होतो. मोटार धुळीतून चालली होती. मी म्हणालो, सात चुका, सातही दुरुस्त, आणि सगळं बिलकुल कायद्यानं, प्रत्येकीशेजारी सही.

 नक्कलनवीसांनी शेरवानीच्या खिशातून प्रश्नपत्रिका काढली, घडी उलगडली आणि सगळ्यात वरच्या ओळीवर बोट ठेवलं.

‘‘भाई, ये पढे क्या?’’

मी वाचलं नव्हतं. पहिल्या दोन वेळी ती ओळ मला वाचता येत नव्हती, आणि तिसऱ्या वेळी उतारा पाहण्याची घाई. आता वाचली. ज्या उमेदवाराने उत्तरपत्रिकेवर आपलं नाव किंवा कसलीही खूण लिहिली असेल, त्याची उत्तरपत्रिका रद्द करण्यात येईल. हे मी आता मराठीत लिहितो आहे. तिथे ते इंग्रजीत होतं. आणि इंग्रजीचं एक अख्खं वाक्य, इतकं लांब, शब्दकोश न उघडता, मास्तरांना न विचारता, मला त्या मोटारीत पहिल्यांदा एका दमात कळलं.



मग नक्कलनवीस हळूच म्हणाले, ‘‘दस्तखत उर्दू में किये ना?’’

‘‘उर्दूतच.’’

‘‘तो फिकर नको करो. अब उर्दू कौन पढता है?’’

मला धीर द्यायला म्हणाले बिचारे. पण म्हणून झाल्यावर त्यांनीच मान खिडकीकडे वळवली, आणि अंबड येईपर्यंत ती इकडे केली नाही.

निकाल आला. माझी सही परीक्षकाला वाचता आली की नाही, माहीत नाही. खूण म्हणून धरली. उत्तरपत्रिका रद्द. नक्कलनवीस मात्र पास झाले. मोत्यासारख्या अक्षरात, एकही खाडाखोड न करता. चुका भरपूर असणार, पण त्या त्यांनी पाहिल्याच नसतील. ही बातमी मला सांगायला ते घरी आले ते चोरासारखे. पेढे आणले नाहीत. चहा अर्धा ठेवून गेले. वर्षभरातच त्यांनी पेन्शन घेतली आणि लेकाकडे हैदराबादला निघून गेले.

मी दाद मागितली. इंग्रजीत लिहायचा तो अर्ज मी स्वतः लिहिला. मी वीस वर्षं काम केलं आहे, मी इंग्रजी शिकलो आहे, माझ्या हातून रीतीप्रमाणे सही झाली आहे, असं सगळं. मास्तरांनी तो वाचला आणि खालपर्यंत गेल्यावर चष्मा काढला. ‘‘यात एकही चूक नाही,’’ म्हणाले. साहेबांनीही शिफारस जोडली. तीन महिन्यांनी वरून दोन ओळींचं उत्तर आलं. एकाला सूट दिली तर सगळ्यांना द्यावी लागेल, सबब नाही.

त्याच आठवड्यात हुकूम हातात पडला. सोमवारपासून खालच्या जागेवर, जुन्या दफ्तरखान्यात. कचेरीच्या मागच्या बाजूची ती खोली. खिडकी एकच, तीही अर्धी फडताळाआड. निजामाच्या वेळचे गठ्ठे लाल कापडात बांधून छतापर्यंत रचलेले. तिथे महिन्यातून एखादा माणूस येतो, आजोबाच्या नावचा एखादा कागद शोधायला, आणि बहुतेक वेळा न सापडता परत जातो. तिथे पाठवलेला माणूस तिथूनच निवृत्त होतो. आज आठ वर्षं झाली, मी तिथेच आहे. दारावरून साहेब बदलत गेले. आताचे साहेब मराठी बोलतात.

हुकूम घेऊन मी घरी आलो तेव्हा ही ओसरीवर ज्वारी पाखडत बसली होती. मी हुकूम तिच्यापुढे धरला, तिला वाचता येत नाही हे माहीत असून. मग तिथेच पायरीवर बसलो आणि सांगितलं. जागा गेली, दफ्तरखाना मिळाला, आता कायमचं तिथेच.

तिने सूप खाली ठेवलं नाही. दोन-चार हेलकावे दिले, कोंडा उडवला, आणि माझ्याकडे पाठ करूनच विचारलं, ‘‘तिथं इंग्रजी लागतंय का?’’

‘‘नाही,’’ मी म्हणालो. ‘‘तिथे सगळं उर्दूच आहे.’’

‘‘मंग तिथं तर तुम्हाला सगळंच येतंय की.’’