‘येते’ म्हणेपर्यंत

मेलेल्या माणसांशी माझ्या मामेसासऱ्यांइतकं अदबीनं वागणारा माणूस अख्ख्या चेन्नईत सापडायचा नाही. जिवंतांना मात्र ते साधं ‘बसा’ म्हणत नाहीत. अंबत्तूरला एका लेथ कारखान्याच्या माडीवर ते जुनी तैलचित्रं दुरुस्त करतात. जॉर्ज टाउनच्या पेढ्यांवरचे आजे-पणजे त्यांच्याकडे येतात, कापड पापडासारखं कडक झालेले. पूर्वी मामा मागून मेणानं दुसरं कापड डकवायचे. आता लाकडाच्या लगद्यातून काढलेले, डोळ्यांना न दिसणारे तंतू पाण्यात कालवून मागून फवारतात. ते आत मुरतात आणि कापडात पुन्हा जीव येतो. ‘जीव’ हा शब्द मामांचा. त्या खोलीत मी तो उच्चारत नाही.

फवारायचं तर चित्र पालथं घालावं लागतं, आणि तिथं मामांचा कायदा सुरू होतो. निघताना आपण ‘जातो’ म्हणतो का? ‘येतो’ म्हणतो. चित्रातला माणूस तसं म्हणेपर्यंत मामा त्याला पालथं घालत नाहीत, कान देऊन उभे राहतात. कुणी पटकन म्हणतो, कुणी दोन दिवस लावतो. “न सांगतां गेला तो परत येत नाही, मापिळ्ळै!” मी जावई, म्हणून मापिळ्ळै; मामांच्या तंजावुरी मराठीत तमिळ अशी मधेच येते. मी पुण्याचा, बँकेतला, मी हसायचो. मग एक व्यापारी आजोबांचं चित्र न्यायला आला. मामा सहज म्हणाले, “यांला डाव्या कानानं ऐकूं येत नव्हतं काय? दोनदां विचारावं लागलं.” व्यापारी पांढराफटक पडला. “घराबाहेर कुणालाच माहीत नव्हतं हे,” एवढंच म्हणाला. त्या दिवसापासून माझं हसणं बंद झालं.

एकच चित्र मात्र तसंच पडून होतं. मामींचं. आमच्या लग्नाआधीच त्या गेल्या. इस्पितळात नेलं ते बेशुद्धीतच, ‘येते’ म्हणायचं राहून गेलं. फोटो सगळे पुराच्या पाण्यात गेले, उरलं ते हे एवढं चित्र. चिरा हनुवटीपर्यंत आल्या, तरी मामा रोज समोर उभे राहून विचारायचे आणि रोज मागे फिरायचे. “रागावलीय ती,” म्हणायचे. अहो, लोकांची माणसं वाचवणारा हा माणूस, आणि स्वतःची बायको डोळ्यांदेखत झडतेय! मला भरून यायचं.

गेल्या महिन्यात एका दुपारी मी आणि बायको तिथं गेलो होतो. जेवणाची सुट्टी झाली, खालचे लेथ थांबले. मामा मामींसमोर उभे होते. तेवढ्यात पाठीमागून स्वच्छ ऐकू आलं, “येते हं.” मला वाटलं, बायको निघाली. ती मामींच्याच हाताखाली वाढली, तिचा आवाज अगदी मामींचा, असं घरात सगळेच म्हणतात. मामांनी डोळे पुसले आणि चित्र पालथं घातलं. मी सहज खिडकीतून खाली पाहिलं. बायको रस्त्यापलीकडे शहाळेवाल्यापाशी उभी होती आणि तिचं शहाळं अर्धं संपलं होतं. मी खुर्चीत बसलो.

चौथ्या दिवशी मामांनी चित्र सुलटं केलं. चिरा होत्या तिथंच होत्या, पण कापड आता धरून होतं. मामांनी चेहऱ्याजवळ वाकून पाहिलं.

“आली,” म्हणाले, आणि ढसाढसा रडले.

आवाज कुणाचा होता हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मी पुढे झालो आणि लग्नात राहून गेलेला नमस्कार मामींना वाकून केला.