आत उघडणारं दार

जयगडच्या अलीकडे खाडीचा एक फाटा आत शिरतो आणि पसरून त्याचं भलंमोठं खारं तळं होतं. त्या तळ्याचा चिखल सखूला डोळ्यांपेक्षा पायांनी जास्त ओळखीचा. गुडघाभर पाण्यात चालायचं, टाचेखाली टणक लागलं की वाकायचं, की हातात तिसरीचा शिंपला. सोबत पलीकडच्या मोहल्ल्यातली खतिजा. सखूच्या पायांना डोळे आहेत असं ती म्हणायची आणि बोलता बोलता सखूच्याच टोपलीतल्या मोठ्या तिसऱ्या उचलायची.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात तळ्याच्या तोंडावर बांध घातला गेला. काठची जमीन खाऱ्या पाण्यातून सुटेल, भात होईल, अशी सगळ्यांना आशा. बांधातून पाणी जायला ठेवलेल्या मोरीला लाकडी झडप हवी होती. भरतीचं पाणी तिने अडवायचं आणि ओहोटीला तळ्यातलं बाहेर सोडायचं. ते काम सखूच्या नवऱ्याला, महिपत सुताराला मिळालं. गावातली निम्मी दारं त्याच्याच हातची. झडप बसवून आला त्या दिवशी तो घरातही ताठ मानेने वावरत होता.

पावसाळा सरला तरी पाणी उतरेना. काठची भातखाचरं बुडाली. तळं हिरवं पडलं, त्याला वास येऊ लागला, तिसऱ्या तोंड वासून मेल्या. सखूच्या लेकीच्या, राहीच्या, पायांना फोड आले. सखूने तिला पाण्यात उतरायची बंदी केली. तरी रोज तिचे पाय मांडीवर घेऊन तळवे उलटसुलट करून बघितल्याशिवाय सखूला घास जात नसे.

बांध खेकड्यांनी पोखरला, असं आधी लोक म्हणाले. मग बोट खतिजाच्या मुलाकडे, नझीरकडे वळलं. मासे आत कोंडावेत म्हणून तोच झडपेशी खेळतो म्हणे. गावाने त्याला बांधावर यायची मनाई केली. खतिजा तेव्हापासून सखूला वाटेत टाळू लागली.

सखू एकटीच मोरीपाशी जाऊन बसली. भरती आली तशी झडप आत उघडली. ओहोटी लागली तशी तळ्याच्याच पाण्याने ती दाबून बंद झाली. खाडीच्या अंगाला बसवायची झडप तळ्याच्या अंगाला बसली होती. घराचं दार आत उघडतं. जन्मभर दारं लावलेल्या माणसाने इथेही तसंच लावलं होतं.

 बोलावं तर घरातल्या माणसाचं नाव बुडतं, सुताराच्या हातावर कोण विश्वास ठेवणार. गप्प राहावं तर खतिजाचा पोर चोर ठरतो. जेवायला वाढताना तिने एकदा मोरीचा विषय काढून पाहिला. महिपतने ताटावरून मान वर केली नाही. मीठ जास्त झालंय, एवढंच म्हणाला.

मग एका दुपारी, भरतीने झडप आत ढकललेली असताना, सखूने विहिरीच्या कळशीची दोरी सोडून नेली आणि झडप उघडीच खुंटाला बांधली. ओहोटीला पाणी धो धो बाहेर पडलं. पुढच्या भरतीला खाडीचं ताजं पाणी आत आलं. काही दिवसांतच तळ्याचा वास उतरला.

तिने एवढंच धरलं होतं की गुपचूप सगळं सुधारेल. पण लोकांना दोरी दिसली आणि नझीरला बांधावर ओढून आणलं. खतिजा मागून धावत आली. सखू गर्दीत मागेच थांबली.

महिपत बांधावरून खाली मोरीपाशी उतरला. दोरी त्याने बोटांत धरली, गाठीवरून अंगठा फिरवला. सखू गवताचा भारा बांधते ती गाठ.

"पोराला सोडा," तो म्हणाला. "दोरी माज्या घरची हाय. झडप मीच उलटी लावली. दार लावतो तशी."

 कुणीतरी हसलं, आणि ते हसू महिपतला त्यानंतर कित्येक महिने पुरलं. दार करून घ्यायला आलेला माणूस आधी विचारायचा, कुठल्या अंगाला उघडणार, महिपतदादा?

नीट बसवायची म्हणून झडप काढली आणि त्याच्या अंगणात आणून टाकली. मोरी उघडी राहिली. भरती येत राहिली, जात राहिली. दोन पावसाळ्यांनी तिसऱ्या परतल्या, राहीचे पाय बरे झाले. आता खाचरवाले विचारत येतात, झडप कधी लावतोस? तिसऱ्या काढणाऱ्या टोपल्यावाल्या विचारतात, लावणार तर नाहीस ना?

 झडप अंगणातच पडून आहे. तळ्यावर जाताना सखू ती ओलांडते, येतानाही ओलांडते, आणि खतिजा अजून थोडं अंतर राखूनच पाण्यात उतरते.