डाव्या बाजूची सीट

जुनी स्पोर्ट्स कार विकत घ्यायला येणारा माणूस सगळ्यात आधी बॉनेटवर हात ठेवतो. आपल्याला वाटतं, कौतुकाने ठेवलाय. तसं काही नसतं. इंजिन आधीच गरम आहे का, ते तो बघत असतो. विकणाऱ्याने सकाळी गुपचूप गाडी चालू करून ठेवली असेल तर थंड इंजिनाच्या खोड्या झाकल्या जातात. मग तो खिशातून फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक काढतो आणि पत्र्यावरून फिरवतो. जिथे चुंबक चिकटत नाही तिथे पत्रा सडलेला असतो आणि वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंग मारलेला असतो. त्यानंतर आरसी बुकातला नंबर चासीवर शोधतो, पायाखालचं कार्पेट उचलतो, सायलेन्सरमागे उभा राहून धुराचा रंग बघतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा थांबत नसेल तर पाणी शिरतंय. हे सगळं मी इतक्या जवळून पाहिलंय की आज कुणी असली गाडी माझ्यापुढे आणली तर दहा मिनिटांत तिला नापास करीन. मला गाडी चालवता येत नाही, ही गोष्ट वेगळी.

ही विद्या मी नेरुळच्या आमच्या सोसायटीच्या आवारात उभ्या उभ्या शिकले. मी घेणारी नव्हते, विकणारी होते.

गाडी माझ्या नवऱ्याची. आमच्या दोघांची, असं मी कधी म्हटलं नाही. हे तळोज्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला फोरमन होते. नव्वदीच्या सुरुवातीला परळची खोली सोडून आम्ही तिघं, हे, मी आणि आमचा मुलगा, नेरुळला फ्लॅटमध्ये आलो. खोलीत असताना दिवसभर कुणाशी ना कुणाशी बोलावंच लागायचं, मला कंटाळा यायचा. इथे आल्यावर कळलं, की कंटाळा यायलासुद्धा माणसं लागतात. रस्ते ऐसपैस आणि त्यांवर कुणीच नाही. मजल्यावर चार दारं, चारही बंद. मी आपली टायपिंगच्या नोकरीला बेलापूरला जायचे, परत यायचे आणि पाचवं दार असल्यासारखी आत बसायचे.

अशात एका रविवारी हे टेम्पोतून ती गाडी घेऊन आले. इंग्रजी बनावटीची, उघड्या टपाची, माझ्या कमरेपर्यंतसुद्धा न येणारी. मुंबईतल्या कुठल्याशा म्हाताऱ्या गृहस्थाच्या गॅरेजात ती वर्षानुवर्षं पडून होती. चाकं टेम्पोत वेगळी, दारं वेगळी. सोसायटीची पोरंटोरं जमली. मी गॅलरीतून बघितलं आणि पहिलं काय मोजलं असेल तर सीटा. सीटा दोन होत्या.

वर आल्यावर मी विचारलं, की आपण तिघं, तिसऱ्याने कुठे बसायचं? हा प्रश्न त्यांच्या डोक्यातच आला नव्हता. मग म्हणाले, "आळीपाळीने."

तो शब्द मला झोंबला. माझ्या लहानपणी साताऱ्याकडच्या घरी बायका आळीपाळीने जेवत, पुरुषांचं झाल्यावर. मी म्हटलं, तिघं मावतील तेव्हा मी बसेन. हे हसले. मी हसले नाही.

तीन पावसाळे गाडी ताडपत्रीखाली खोलून पडली होती. हे रात्रपाळी करून आले तरी दुपारी खाली जाऊन खुडबुड करत बसायचे. कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून काही आणायचे, जे मिळणार नाही ते लेथवर स्वतः करायचे. अखेर ती चालली. त्यानंतर दर रविवारी सकाळी हे किल्ली हातात घेऊन विचारत, "येतेस?" आणि मी सांगे, "तुम्ही या जाऊन." मग मुलगा जायचा. सीटेवर तेव्हा गोणपाट टाकलेलं असायचं, ते त्याला टोचायचं, तरी जायचा.

पुढे मुलगा इंजिनिअरिंगला पुण्याला गेला आणि नोकरीला तिथेच राहिला. आता घरात माणसं दोन आणि गाडीत सीटा दोन. माझ्याकडे कारण उरलं नव्हतं. हट्ट तेवढा उरला होता, आणि हट्टाला कारण लागत नाही. एका संध्याकाळी हे म्हणाले, तुर्भ्याला जाऊन दोन्ही सीटा नव्या करून आणल्या, मरून रंगाचं रेक्झिन आहे. मी 'बरं' म्हटलं आणि कुकर लावला. खाली जाऊन बघून आले असते तर काय बिघडलं असतं? दोन जिने तर होते.

शेवटच्या वर्षी त्यांनी विचारणं सोडलं. किल्ली घेऊन दारात थोडं थांबत, चपलेचा पट्टा उगाच नीट करत, आणि जात. मी गॅलरीतून बघायचे. परत येताना भाजी आणत, ती पिशवीसुद्धा सीटेमागच्या फळीवर ठेवलेली असायची. बाजूची सीट रिकामी असताना पिशवी मागे कशाला, असा विचार माझ्या मनात आला होता. यांना विचारलं मात्र नाही.

एके दिवशी सकाळी हे कामावर गेले ते कारखान्यातच गेले. छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

दीड वर्ष गाडी ताडपत्रीखाली होती. मुलगा म्हणत होता, एकटी राहू नकोस, पुण्याला ये. अखेर मी मान्य केलं, फ्लॅटला गिऱ्हाईक मिळालं, महिनाअखेर जागा रिकामी करायची ठरली. गाडीची जागाही त्यातच आली. मुलगा फोनवर म्हणाला, कोणी नाही मिळालं तर भंगारवाल्याला बोलाव. त्याचं चुकलं नव्हतं. पण माझ्या अंगाची लाही झाली. त्या गाडीवर राग काढायचा हक्क माझा होता, भंगारवाल्याच्या हातोड्याचा नव्हता. ती महिन्याच्या आत कुणीतरी चालवत न्यावी, एवढंच मला हवं होतं. मी पेपरात जाहिरात दिली.

पहिला आला त्याला ती हॉटेलच्या दारात शोभेला उभी करायची होती. मी त्याला चहा दिला आणि वाटेला लावलं. दुसरा चुंबकवाला. अर्धा तास चुंबक फिरवून त्याने सांगितलं, की इंजिन काढून नेतो, बाकीचं तुमचं तुम्ही बघा. त्याला चहाही दिला नाही. महिना संपायला आठ दिवस उरले.

तिसरा वाशीचा. बँकेत होता, मूळचा कऱ्हाडकडचा, पंचेचाळिशीचा असेल. त्याच्याजवळ वही होती आणि तीत काय काय तपासायचं याची दोन पानी यादी, कुठल्याशा मासिकातून उतरवलेली. सोबत बोनकोड्याचा एक म्हातारा मेकॅनिक. बँकवाला यादी वाचायचा, म्हातारा बघायचा. सगळा मुलगी बघायचा थाट, पोहे तेवढे नव्हते.

म्हाताऱ्याने दारं उघडून मिटून पाहिली. उघड्या टपाची गाडी मधून वाकली की आधी दारं कुरकुरतात, असं त्याने मला समजावलं. ही वाकली नव्हती. ऑइलचं झाकण काढून आतून बोट फिरवलं, पाणी शिरून दुधासारखा साका झालाय का बघितला. नव्हता. मग कार्पेट उचललं. खाली पत्र्याला ठिगळं होती आणि मला वाटलं, संपलं, हाही जाणार. म्हाताऱ्याने वेल्डिंगवरून अंगठा फिरवला, बराच वेळ फिरवला. "खाडीचा खारा वारा पत्रा खातो, ताई," तो म्हणाला. "पन हा काम करनारा मानूस होता." दीड वर्षात यांच्याबद्दल इतकं खरं कुणी बोललं नव्हतं.

यादीत पुढे होतं, पेडलचं रबर आणि सीटा. मीटरचे आकडे खोटे असू शकतात, रबर खोटं बोलत नाही. उजवीकडच्या पेडलची रबरं झिजून गुळगुळीत झाली होती. उजवी सीट बसून बसून खचली होती, शिवणीपाशी रेक्झिन पांढरं पडलं होतं. म्हाताऱ्याने डाव्या सीटेवर तळवा दाबला. ती तशीच वर आली.

"ही शीट त कोरी हाय," तो म्हणाला. "हिच्यावर कोन बसलाच नाय कदी."

बँकवाल्याने खूश होऊन वहीत खूण केली. त्याच्या लेखी ती जमेची बाजू होती. मी सोसायटीच्या भिंतीकडे बघत उभी राहिले.

आता ओरिजिनल काय आणि मागाहून काय बसवलं, ते पान आलं. बँकवाला टॉर्च घेऊन डाव्या बाजूला आत वाकला आणि म्हणाला, की इथे पाय ठेवायच्या जागी लाकडाचा तिरका पाट ठोकलाय, हे कंपनीचं नाही. शिवाय सीटेच्या फार जवळ बसवलाय, साध्या माणसाचे गुडघे हनुवटीला लागतील. "लहान मुलासाठी केला होता का?"

मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. मुलगा तर बापाहून उंच. मी वाकून पाहिलं. सागाचा पाट, वार्निश केलेला, चार कोपऱ्यांना चार स्क्रू, आणि चारही स्क्रूंच्या खाचा सरळ उभ्या. अशा खाचा मी रोज बघत होते. आमचा ओटा मला उंच पडायचा म्हणून यांनी पायाखाली घ्यायला एक पाट करून दिला होता, त्याचे स्क्रू असेच. उंचीने मी लहानपणापासून मार खाल्लेली. एसटीत माझे पाय लोंबकळत, साताऱ्याला पोचेपर्यंत सुजत. लग्नानंतरच्या पहिल्याच प्रवासात यांनी न बोलता आपली बॅग माझ्या पायांखाली सरकवली होती.

नवी बॅटरी लावून, ताजं पेट्रोल घालून म्हाताऱ्याने गाडी चालू केली. धूर थोडा झाला, पण निळा नव्हता. बँकवाल्याला चालवून बघायची होती, आणि मालकाने सोबत असावं असं त्याच्या यादीतच होतं. तो म्हणाला, "येता ना?"

मी 'येते' म्हटलं. किती सोपं होतं.

ती सीट इतकी खाली, की बसले नाही, उतरले म्हणायचं. पाय पुढे सोडले आणि दोन्ही तळवे पाटावर टेकले. चाचपडावं लागलं नाही. बोटभर पुढे नाही, बोटभर मागे नाही. यांनी माप कधी घेतलं असेल, माझ्या खुर्चीचं घेतलं असेल की नुसतं डोळ्यांनी, देव जाणे. आम्ही सीवूड्सच्या बाजूला खाडीकडे गेलो. तिकडे तेव्हा रस्ता मोकळा असायचा. वारा तोंडावर येत होता, बँकवाला गिअरबद्दल काहीतरी विचारत होता आणि मला यांचा भयंकर राग आला होता. सांगायला काय झालं होतं? एका शब्दाने म्हणायचं, की तुझ्या पायांसाठी केलंय. मग माझं मलाच उत्तर मिळालं. सीटांचं सांगितलं होतं त्यांनी, आणि मी 'बरं' म्हणून कुकर लावला होता. पाटाचं सांगितलं असतं तर दुसरं काय केलं असतं मी? गाडी वळून परत निघाली तेव्हा मला एवढंच वाटत होतं, की उजवीकडे मान वळवू नये. तिथे दुसराच माणूस बसला होता.

व्यवहार तिथेच आवारात ठरला. बँकवाला म्हणाला, दर रविवारी चालवीन, उभी करून ठेवणार नाही. मला ते पुरेसं होतं. जाता जाता तो म्हणाला, की तो पाट मात्र काढून टाकावा लागेल, गाडी ओरिजिनल हवी. मी म्हटलं, काढाच, आणि मला द्या. त्याला क्षणभर कळेना. मग मी म्हटलं, "तुम्ही आपल्याकडचे. बैल विकला तरी दावं विकत नाहीत, ते घरी ठेवतात."

तो कऱ्हाडचा होता, त्याला पुढे सांगावं लागलं नाही. म्हाताऱ्याने चारही स्क्रू सावकाश काढले, कागदाच्या पुडीत बांधले आणि पाट माझ्या हातात दिला. त्यावर ओरखडासुद्धा नव्हता.

गाडी गेटबाहेर पडताना मी सवयीने वर गॅलरीत जाऊन उभी राहिले. डावी सीट रिकामी होती, म्हातारा बसने जाणार होता.

पुण्यात मुलाच्या घरी सगळ्या खुर्च्या उंच आहेत. माझी खिडकीजवळची, तिच्याखाली तो पाट असतो. सूनबाईने एकदा विचारलं, नवा छानसा स्टूल आणू का? मी नको म्हटलं. इतक्या वर्षांत पाटाचं वार्निश उडालंय, दोन टाचांच्या दोन फिकट जागा झाल्यात. ती गाडी अजून कुठे असेल आणि हा पाट तिच्यात असता, तर तपासायला येणाऱ्या कुणीही टॉर्च मारून सांगितलं असतं, की इथे रोज कुणीतरी बसत होतं.