तिचा ठिपका कुठला

बी.एस्सी.ला प्रॅक्टिकलला आम्ही दोघी एकाच टेबलावर असायचो. मी कर्जतची, ती खालापूरची. एम.एस्सी.लाही बरोबरच जायचं ठरलं होतं. तेवढ्यात तिच्या वडिलांना पक्षाघात झाला. भावंडांत मोठी तीच, म्हणून त्यांच्या चपलांच्या दुकानात ती बसू लागली आणि मी एकटीच मुंबईला गेले. ‘पुढच्या वर्षी बघते’ असं ती काही वर्षं म्हणायची. मग तिने म्हणायचं सोडलं आणि मी विचारायचं.

मी कर्करोगाच्या संशोधनात स्थिरावले होते, तेव्हा तिला स्तनाचा कर्करोग निघाला. आमच्याकडे ज्या इस्पितळातून गाठींचे नमुने येतात, तिथेच तिचं ऑपरेशन ठरलं. संशोधनासाठी नमुना द्याल का, असं तिथे विचारल्यावर तिने मला दुकानात बोलावून घेतलं.

मी समजावून सांगितलं. पेशींना ‘वाढ’, ‘थांब’ असे निरोप प्रथिनांमार्फत मिळतात. कर्करोगात ‘वाढ’चा निरोप थांबतच नाही. आम्ही अनेक गाठींमधल्या प्रथिनांचे बारीक ठिपके एका काचपट्टीवर देतो. निरोप पुढे धाडणारं प्रथिन जागं असेल, तर तो ठिपका उजळतो.

“माझा ठिपका कुठला, ते दाखवशील?”

नमुन्यांवर नाव नसतं, नुसता क्रमांक असतो, त्यामुळे मलाही ते कळणार नाही, असं मी सांगितलं.

ती म्हणाली, “असू दे. देते मी. निदान अशी तरी तुझ्या लॅबमध्ये येईन.”



औषधांनी ती सावरली, पुन्हा दुकानात बसू लागली. पण आजार उलटला आणि मग हाती काही राहिलं नाही.

ती गेल्यावर काही महिन्यांनी आमचे निष्कर्ष हाती आले. काही गाठींमध्ये ‘वाढ’चा निरोप दोन वाटांनी जात होता आणि औषध त्यातली एकच वाट अडवत होतं. त्यांत तिची गाठ होती का, हे मला आजही ठाऊक नाही.

खालापूरला गेले, तेव्हा तिच्या आईने विचारलं, “तिच्या तुकड्याचं काय निघालं गं?”

मी जमेल तसं सांगितलं.

“मंजे तिचा उपेग झाला,” आई म्हणाली.

मी हो म्हटलं. उपयोग झाला होता, ते खरंच होतं. पण माझ्या शेजारच्या टेबलावर बसून तिने जे केलं असतं, ते मला त्या माउलीला सांगवलं नाही.