साहेबाच्या वाट्याचं काळीज

माण तालुक्यातल्या माळावर रंगुबाईचा शब्द मोडायची हिंमत मेंढरांत नव्हती, आणि तिचा नवरा भाऊसो याच्यात तर मुळीच नव्हती. कळपाची राखण करणारा कुत्रा तेवढा स्वतःच्या मर्जीनं वागायचा, म्हणून तिनं त्याचं नाव साहेब ठेवलं होतं.

जत्रेला बकरं कापलं की साहेबाचा वाटा ठरलेला असे. काळजावर पाण्याचा फोड निघाला तर माणसं ते खात नाहीत. ते काळीज रंगुबाई कच्चंच साहेबापुढं टाकायची. अन्न वाया गेलं नाही आणि मुक्या जीवाचं पोट भरलं, याचं तिला समाधान असायचं.

पुढं तिच्याच उजव्या बरगडीखाली जड वाटू लागलं. ओव्याचं पाणी पिऊन तिनं बरेच दिवस काढले. गाठ हाताला लागायला लागली तेव्हा तिची सून स्वप्नाली तिला एसटीत घालून सांगलीच्या दवाखान्यात घेऊन आली.

"मावशी, तुमच्या काळजात, म्हणजे लिव्हरमध्ये, पाण्याचा फोड आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

हा फोड रंगुबाईच्या चांगला ओळखीचा होता.

डॉक्टरीणबाईंनी सगळं उलगडून सांगितलं. फोडाचं कच्चं काळीज कुत्र्यानं खाल्लं की त्याच्या आतड्यात तांदळाच्या कणीएवढे चपटे किडे वाढतात. त्यांची अंडी विष्ठेतून गवतात, पाण्यात, कुत्र्याच्या केसांत जातात. तिथून ती मेंढराच्या पोटात गेली की मेंढराच्या काळजात फोड, माणसाच्या पोटात गेली की माणसाच्या. "त्या किड्याला तुमच्यात आणि मेंढरात फरक कळत नाही," त्या म्हणाल्या.

"आमच्या मालकांनाबी कळत न्हाई," रंगुबाई म्हणाली. डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना.

ऑपरेशन झालं. फोड न फुटता निघाला. निघताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, कुत्र्याला जनावरांच्या डॉक्टरकडून जंताची गोळी द्या आणि फोडाचं काळीज खोल पुरा. परतीच्या वाटेवर डॉक्टरीणबाईंचे आणि रात्रंदिवस उशाशी बसलेल्या सुनेचे उपकार कसे फिटणार, या विचारानं रंगुबाईचे डोळे सारखे भरून येत होते.

घरी पोचली तर दारात टेम्पो उभा, आणि टेम्पोत साखळीनं बांधलेला साहेब. स्वप्नालीनं फोनवर सगळं सांगितल्यापासून भाऊसोनं त्याला लांब कुठंतरी सोडून यायचं ठरवलं होतं.

पोटावरचे टाके सांभाळत रंगुबाई टेम्पोच्या चाकापुढं बसली.

"आवं, त्यानं मागितलं व्हतं का? मीच घातलं त्याला, लय कौतुकानं. लांडग्याच्या तोंडातनं कोकरं सोडवून आणली त्यानं. आपलं घर त्याच्या जिवावर उभं हाय. त्याला सोडायचं आसंल तर आदी मला सोडा."

भाऊसो तिच्यापुढं उकिडवा बसला.

"मला त्याचा राग न्हाई गं," तो म्हणाला. "तू जातीस का काय, ह्याचंच लय भ्या वाटलं."

इतक्या वर्षांत त्याला असं बोलताना तिनं कधी ऐकलं नव्हतं. तिनं त्याच्याकडं डोळे भरून पाहिलं.

"मी हाय न्हवं," ती म्हणाली. "सोडा त्याची साखळी. आन् मग हात साबणानं धुवा."