अख्खं सँडविच

"तुम्ही मूळचे कुठले?" असं कोणी विचारलं की अरविंदकाका आमच्या उपनगराचं नाव सांगत, "माउंट रॉस्किल."

"त्याआधी?"

"बस स्टॉप."

भारतातले, एवढं म्हणायला काय जातं यांचं, असं मला वाटायचं. मी त्यांच्या घरामागच्या खोलीत भाड्याने राहायचे आणि जवळच्या एका फार्मसीत काम करायचे. पंच्याऐंशीव्या वर्षीही काका आमटीत गूळ स्वतः किसून घालत आणि रेडिओवरच्या बातम्यांना उलट उत्तरं देत. "भित्र्याला सगळं दिसतं, म्हणून तर तो भितो," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. ते मला उद्देशून होतं की स्वतःला, कळायचं नाही.

गेल्या हिवाळ्यात फार्मसीत गोळ्यांचे दोन बॉक्स कमी भरले. मॅनेजरचा संशय सिनावर. सिना सामोअन, पॅसिफिकमधल्या बेटांवरची, काउंटरवर माझ्या शेजारी असायची. "दुपारी ती एकटीच होती, एवढं लिहून दे," तो मला म्हणाला. ती एकटी नव्हती. मी पूर्ण वेळ तिथेच होते. पण माझ्या रेसिडेन्सीच्या, म्हणजे इथे कायम राहण्याच्या, अर्जाला त्याचंच पत्र लागणार होतं. मी लिहिलं, "माझं लक्ष नव्हतं." त्याने सिनाला घरी पाठवलं.

संध्याकाळी काकांना हे सांगितलं. त्यांनी आमटीखालचा गॅस बंद केला.

"तेवीस वर्षांचा होतो मी. अमेरिकेत, दक्षिणेतल्या एका गावात शिकत होतो. तेव्हा काळी मुलं गोऱ्यांच्या हॉटेलात जाऊन बसायची आणि उठायची नाहीत. लोक त्यांच्या डोक्यावर साखर ओतायचे, पोलीस उचलून न्यायचे. माझा रूममेट वॉल्टर म्हणाला, चल. गेलो. मालकाने मला विचारलं, तू कुठला? म्हटलं, इंडियन. म्हणाला, मग तू बस. आणि वॉल्टरला पोलिसांनी ओढत बाहेर नेलं. माझ्यापुढे सँडविच आलं."

"तुम्ही खाल्लंत?"

"अख्खं. व्हिसा जाईल म्हणून. आणि खरं सांगू? सवय होती गं. पुण्याला आमच्या घरी झाडायला येणाऱ्या बाईंसाठी कान तुटलेला कप होता, मागच्या दाराशी वेगळा ठेवलेला. त्याच्याकडेही माझं कधी लक्ष नव्हतं."

"वॉल्टर काय म्हणाला?"

"काही नाही. तीन दिवसांनी सुटून आला, दात घासले, झोपला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

मी काय करू, असं विचारल्यावर ते चिडले. "मला नको विचारूस. व्हिसा तुझा आहे."

सकाळी मी मॅनेजरला दुसरा कागद दिला. दुपारभर मी सिनाच्या शेजारी होते, एवढंच त्यात होतं. त्याने कागद दोनदा वाचला. "नक्की?" मी मान हलवली. चार दिवसांनी सिना कामावर परत आली.

वसंतात काका गेले. हॉस्पिटलमध्ये शेवटपर्यंत विचारत, "मॅनेजरचं पत्र आलं का गं?"

"नाही."

"भीती वाटते?"

"खूप."

"वाटणारच," ते म्हणायचे. त्यापुढे धीराचं एक अक्षरही नाही. मला तेच बरं वाटायचं.

पत्र अजून आलेलं नाही. मॅनेजरच्या खोलीचं दार उघडलं की काउंटरवर आम्ही दोघी एकदम वर बघतो.